नणंद, भावजय आणि अडीच दिवसांचं मौन

शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एकदा तरी रिट्रीटला, म्हणजे मौन-प्रार्थनेच्या शिबिराला, जायचं, हे मी कितीतरी वर्षं नुसतं ठरवत होते. यंदा गेले त्याचं कारण, नाव मी दिलंच नव्हतं. नवऱ्याने परस्पर दिलं. आणि दिलं तेही एकटं नाही. धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कार्यालयाबाहेर यादी लागली तेव्हा माझ्या नावाखाली त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं आणि दोन्ही नावांसमोर खोली एकच, सात नंबर.

ताई आणि मी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नाही. अगदीच नाही असं नाही. लग्नाबारशाला चारचौघांत दिसण्यापुरतं ‘आलात का’, ‘जेवलात का’ होतं. बाकी अबोला. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘अगं, तिथे मौनच पाळायचं असतं. तुम्हाला काय अडचण?’’ हा माणूस बँकेत कर्जवसुली बघतो, त्यामुळे कुणाला कुठे गाठायचं ते त्याला बरोबर कळतं.

वसईहून सकाळची लोकल, चर्चगेटहून टॅक्सीने गेटवे, तिथून मांडव्याची लाँच. आमच्या धर्मग्रामातली आम्ही नऊ जणं होतो. ताई माझ्या समोरच्या बाकावर, पण दोन माणसं सोडून. लाँचमागे कुरव पक्षी लागले होते आणि पोरंटोरं त्यांना वेफर्स उडवत होती. एका कुरवाने ताईंच्या हातातला अख्खा वेफर उचलला. त्या दचकल्या, हसल्या, आणि हसता हसता सवयीने माझ्याकडे बघितलं. मग आठवण झाली असावी. दोघींनी तोंडं फिरवली.

मांडव्याहून बसने अलिबाग, तिथून एसटी. आक्षी, नागाव, चौल करत रेवदंडा सतराएक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, गडग्यांवर शेवाळ्याचे काळे वाळलेले थर, आणि मार्च असल्यामुळे मधूनच मोहोराचा वास. वसईच्या माणसाला हे बघून थोडं दुखतं. आमच्याकडेही हेच होतं. आमच्या घरामागचं बावखल, म्हणजे छोटं तळं, आठ वर्षांपूर्वी बुजवलं. आता तिथे सात मजले उभे आहेत आणि पाणी टँकरने येतं.

साधनागृह सिस्टर लोकांचं, सुरूच्या बनामागे. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. सात नंबरमध्ये दोन लोखंडी खाटा, मध्ये एक टेबल, एक पंखा. ताईंनी खिडकीकडची खाट घेतली. मला हवी होती ती. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

संध्याकाळी वेताच्या टोपलीत सगळ्यांचे मोबाईल जमा झाले, प्रत्येकाला रबरबँडने नावाची चिठ्ठी. माझा टोपलीत पडल्यावरही दोनदा वाजला. ऑफिस. सिस्टरनी टोपलीवर टॉवेल टाकला.

रिट्रीट घेणारे फादर जेझुइट, साठीचे, आवाज बारीक. पहिल्या बोलण्यात ते बायबलवर आलेच नाहीत, एका रशियन घोडेवाल्यावर आले. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा व्यापारी एक घोडा घेऊन इथेच, चौलच्या बंदराला उतरला. वास्को द गामा यायच्या कितीतरी आधी. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून धाक घातला. घोडा परत मिळाला. पण निकितीनच्या लिखाणात खरी हळहळ आहे ती घोड्याची नव्हे, पुस्तकांची. वाटेतच लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं नेली होती. त्यामुळे सण कधी, उपास कधी, ईस्टर कधी, काहीच कळेना. अंदाजाने उपास धरायचा, अंदाजाने ईस्टर मानायचा.

‘‘तुमचे फोन मी घेतलेत,’’ फादर म्हणाले, ‘‘त्याची पुस्तकं चोरांनी घेतली होती. रविवारी दुपारपर्यंत मला चोर समजा.’’

मग मौनाचे नियम. जेवणाच्या टेबलावर नाही, खोलीत नाही, खुणांनी गप्पा तर मुळीच नाही. प्रार्थना आणि गाणी तेवढी मोठ्याने. काही लोक नियम ऐकूनच कासावीस झाले. मी मनात म्हटलं, फादर, आमचा दोन वर्षांचा सराव आहे.

रात्री डाळ-भात, वांग्याची भाजी आणि तळलेले बोंबील. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. हा नियम ज्यांनी केला त्यांनी कोकण पाहिलेलं नव्हतं. ताजा बोंबील समोर ठेवून त्याला त्याग म्हणायचं म्हणजे कमाल आहे. मी चार खाल्ले.

आणि रात्री कळलं की ताई घोरतात.

शनिवार

साडेपाचला घंटा. सहाला चॅपल. एका पुणेकर नवरा-बायकोने टाळावर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं. ते दोघं प्रोटेस्टंट, कुणा मित्राच्या ओळखीने आलेले. टिळक तर ह्याच कोकणातले, करजगावचे, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. कॅथलिक चॅपलमध्ये पहाटे टाळ वाजताना कुणाला काही वावगं वाटलं नाही. वसईत आमच्याही मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, भजनं असतात, पण टाळ आमच्या मंडळींना तालात जमत नाहीत, हे मान्य करायला हवं.

सकाळच्या सत्रात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला. माहिती असलेलीच गोष्ट, पण एक जोड नवी होती. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय फुटला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना संतांची चरित्रं वाचावी लागली. त्याच १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशहाकडून इथे चौलला कोट बांधायची परवानगी मिळवली. एकीकडे सैनिकाची तलवार सुटत होती, दुसरीकडे ह्या किनाऱ्यावर तोफा उतरत होत्या. फादरनी हे सांगितलं आणि त्यावर काहीही भाष्य न करता पुढे गेले. हे मला आवडलं. पुढे १५४२ मध्ये इग्नेशियसचे सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्याला पोचले. रेवदंड्याच्या कोटात त्यांच्या नावाचं पडकं चॅपल आहे, तिथे त्यांनी प्रवचन केलं असं सांगतात.

इग्नेशियसची मूळ साधना तीस दिवसांची, चार ‘आठवड्यां’त विभागलेली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली तिला मान्यता दिली. आम्हाला मिळाले अडीच दिवस. महिन्याचा शिधा शनिवार-रविवारात संपवायचा. पण एक गोष्ट फादरनी नीट करून घेतली. शुभवर्तमानातला प्रसंग नुसता वाचायचा नाही, डोळे मिटून त्या जागी जायचं. ऊन किती, वास कसला, कोण कुठे उभं आहे, सगळं बघायचं आणि मग आपण त्यात कुठे आहोत ते शोधायचं.

प्रसंग योहानाच्या चौथ्या अध्यायातला. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाई एकटीच पाण्याला येते. येशू दमून विहिरीपाशी बसलेला. तो म्हणतो, मला प्यायला दे. बाई चकित होते, कारण यहुदी आणि शोमरोनी यांचा आपसांत व्यवहार नसे. पिढ्यान् पिढ्यांचा अबोला. आणि तो मोडायला कुणी तत्त्वज्ञान काढत नाही, पाणी मागतो.

मी सुरूच्या बनात एका ओंडक्यावर बसून डोळे मिटले. याकोबाची विहीर काही केल्या दिसेना. दिसली ती आमच्या सासरची मागची पडवी, पितळेची घागर आणि खाटेवर सासूबाई. त्या शेवटचे आठ महिने अंथरुणावर होत्या. त्यांना पुसणं, भरवणं, नखं कापणं, रात्री तीनदा उठून कूस बदलणं, हे सगळं मी केलं. बँकेत अर्धपगारी रजा घेऊन केलं. ताई दर रविवारी यायच्या. फळं आणायच्या, अर्धा तास आईचा हात हातात घेऊन बसायच्या. एका रविवारी उंबऱ्यातून निघताना म्हणाल्या, ‘‘आई किती वाळली गं तुमच्याकडे.’’

तुमच्याकडे.

त्यानंतर महिन्याने सासूबाईंनी उशीखालच्या पाटल्या काढून माझ्या हातात घातल्या. त्या ताईंना द्यायचं त्यांनी पूर्वी कबूल केलं होतं म्हणे. मला माहीत नव्हतं. दफनानंतर सातव्या दिवशीच्या मिस्सेला ताईंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि तेव्हापासून हे चाललंय.

ध्यान संपल्याची घंटा झाली तेव्हा मी रडत नव्हते, चिडलेली होते. साधनेला बसून माणूस जास्तच चिडतो हे आधी कुणी सांगत नाही. फादरना दुपारच्या भेटीत सांगितलं. म्हणाले, ‘‘चांगलं आहे. काल तुम्ही नुसत्या शांत होता.’’

दुपारच्या जेवणाला वाढायला कोर्लईच्या एक मावशी होत्या. मौन त्यांना लागू नव्हतं. ‘‘भात घ्या, घ्या की, बोलायचं नाही म्हणजे जेवायचं नाही असं थोडंच आहे,’’ असं सगळ्यांना ऐकवत फिरत होत्या. मध्येच भटारखान्याकडे वळून मुलीला काहीतरी म्हणाल्या आणि मी घास हातात धरून ऐकत राहिले. मराठी नव्हतं, कोकणीही नव्हतं. ती कोर्लईची भाषा, पोर्तुगीजातून झालेली. तिथली ख्रिस्ती माणसं तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. मला ती ऐकून आमची वसईची बोली, कादोडी, आठवली. ऑफिसात मराठी, मुलांशी मराठी, पण ठेच लागली की कादोडी. मी लग्नानंतर ती ताईंकडूनच जास्त शिकले, कारण माझं माहेर पाचूबंदरचं आणि आमचं बोलणं वेगळं.

साडेचारला ऊन उतरल्यावर टेम्पो ट्रॅव्हलरने कुंडलिका खाडीवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लईला. किल्ल्याचा डोंगर जिभेसारखा समुद्रात घुसलेला, तीन बाजूंनी पाणी. हा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० मध्ये मराठ्यांकडे दिला. वर पडकं चॅपल आहे, भिंती उभ्या आणि छप्पर म्हणजे आभाळ.

चढताना क्रूसाची वाट. येशूच्या क्रूस वाहण्यापासूनच्या शेवटच्या प्रसंगांची चौदा स्थानं, पण खुणेचे क्रूस काही तिथे नव्हते. एकच लाकडी क्रूस आळीपाळीने उचलायचा आणि चौदा ठिकाणी थांबायचं. नवव्या स्थानाला, म्हणजे प्रभू तिसऱ्यांदा पडतात तिथे, क्रूस ताईंकडे आला. ताई बासष्टच्या, दोन्ही गुडघे गेलेले. पायरी उंच. मी मागेच होते. कुणीतरी पुढे होईल म्हणून थांबले. कुणी झालं नाही, आणि ताईही मागे वळल्या नाहीत. तशाच एक हात तटाला लावत चढल्या. मी नुसती त्यांच्या टाचांकडे बघत राहिले. वरून खाडी, पलीकडे रेवदंड्याचा किनारा आणि परतणाऱ्या होड्या इतक्या सुंदर दिसत होत्या की मला स्वतःची लाज वाटली.

रात्रभर आराधना होती. पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेल्या भाकरीसमोर, तासातासाच्या पाळ्या, दोघादोघांच्या. यादी बाहेर लावली होती. खोली नंबर सात : दोन ते तीन. मला आता नवऱ्याचा नव्हे, सिस्टरचाच संशय येऊ लागला.

दोनला उठलो. चॅपलमध्ये दोन मेणबत्त्या, मध्ये मोन्स्ट्रन्स, म्हणजे ती भाकरी ठेवायचं पात्र, आणि डास. ताई गुडघ्यांवर बसल्या, डॉक्टरांनी बजावलेलं असूनही. मी खुर्चीवर. पंधरा मिनिटं मी प्रार्थना केली, पंधरा मिनिटं डास मारले. अडीचच्या सुमाराला लाईट गेले. पंखा थांबला आणि लांबचा समुद्र एकदम भिंतीपलीकडे आल्यासारखा वाटला.

तीन वाजत आले तेव्हा ताईंनी उठायचा प्रयत्न केला. एकदा. दुसऱ्यांदा. मग समोर बघतच उजवा हात बाजूला काढला. माझ्याकडे नाही, नुसता हवेत. बाजूला खांब असता तर खांबाला धरला असता, अशा बेताने.

मी हात दिला. त्यांनी धरला आणि उठताना सगळा भार त्यावर टाकला. मेणबत्तीच्या उजेडात त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर रुतलेला दिसला. रुंद, चपटं नख, मध्ये उभी बारीक रेघ, डावीकडचा कोपरा मांसात गेलेला. ते नख मला पाठ होतं. आठ महिने दर शनिवारी मी ते कापलं होतं, कोमट पाण्यात बुडवून, कोपऱ्याशी जपून, कारण तिथे जरा लागलं की सासूबाई ‘आई गं’ म्हणायच्या. तोच अंगठा. त्वचा थोडी ताजी, एवढंच.

ताई उभ्या राहिल्या आणि हात सोडला. पुढच्या पाळीचे लोक आले. खोलीत जाऊन त्या पाच मिनिटांत घोरू लागल्या.

रविवार

उपवासकाळातले रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात, त्यातले सहा रविवार वजा. लहानपणी वर्ज्य केलेलं गोड ह्याच हिशेबाने आम्ही रविवारी खायचो आणि आजी हिशेब मान्य करायची नाही.

मिस्सेआधी प्रायश्चित्त संस्कार. पत्र्याच्या शेडखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर तुळशीवृंदावनाएवढा मारियेचा ग्रोटो, म्हणजे मूर्तीची गुहा. मी काय सांगितलं ते सगळं इथे लिहिणार नाही. पाटल्यांचं सांगितलं, उंबऱ्यातल्या वाक्याचं सांगितलं, किल्ल्यावर मागे थांबून टाचा बघत राहिले तेही सांगितलं. फादरनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

‘‘त्या पाटल्या तुम्ही घालता?’’

‘‘नाही. लॉकरमध्ये आहेत.’’

‘‘म्हणजे दोघींनाही मिळाल्या नाहीत.’’

त्यांनी पाटल्या देऊन टाका असं म्हटलं असतं तर मी मनातल्या मनात वाद घातला असता. तसं काही म्हणाले नाहीत. प्रायश्चित्त म्हणून एक स्तोत्र वाचायला दिलं आणि पुढच्या माणसाला खूण केली.

मिस्सा कोर्लईच्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, जगभर मिस्सा लोकभाषेत आली. इथे लोकांची घरची भाषा एक आणि मिस्सेची मराठी. शुभवर्तमान मराठीत ऐकायचं आणि पायऱ्या उतरताना ‘नौ लिंग’मध्ये मासळीचा भाव बोलायचा. आमच्या मावशी मिस्सेला नव्या साडीत आल्या होत्या, ओळखूच आल्या नाहीत. त्यांनी ताईंना हाताला धरून पुढच्या बाकावर नेलं. ताईंना कुणी हाताला धरलेलं चालत नाही. त्या मुकाट गेल्या.

दुपारी बाराला फादरनी मौन संपल्याचं जाहीर केलं. पहिले काही क्षण कुणीच बोललं नाही. मग एकदम एसटी स्टँड झाला. जेवायला कोंबडी-वडे आणि सोलकढी. टेबलावर सगळेच एकाच वेळी आपापला अनुभव सांगत होते, त्यामुळे कुणाचाच ऐकू आला नाही. मोबाईलची टोपली आली. मला एकवीस मेसेज होते, त्यातले सतरा वसुलीखात्याच्या नवरोबाचे : ‘काय झालं?’, ‘बोललात का?’, ‘अगं?’

ताई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, पण वड्यांची परात मला द्यायची तर पलीकडच्या बाईमार्फत. बोललो नाही. मौन संपलं होतं, अबोला आपला होता तसाच.

एसटीत गर्दी होती आणि आमच्या नऊ जणांत दोन दोनच्या जागा वाटल्या गेल्या. चौल मागे पडलं. ताई खिडकीशी, पर्स मांडीवर, अंगठा पर्सच्या चेनवर. मी त्या अंगठ्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हात पदराखाली घेतला. नागाव आलं तशा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

‘‘तू घोरतेस.’’

मला आधी कळलंच नाही की हे मला म्हटलंय.

‘‘मी?’’

‘‘दोन्ही रात्री. डोळ्याला डोळा नाही माझ्या.’’

‘‘ताई, घोरता तुम्ही. मी दोन रात्री छताकडे बघत काढल्यात.’’

‘‘मी? शक्यच नाही. तुझ्या नवऱ्याला विचार. आमच्या घरात घोरत असेल तर तो.’’

‘‘त्याने तुमच्याकडूनच घेतलंय मग.’’

‘‘अगं, आई नाही घोरायची, बाबा नाही, मी कुठून घोरणार?’’

‘‘आई घोरायच्या. आठ महिने ऐकलंय मी.’’

ताई गप्प झाल्या. मला वाटलं, झालं, बंद पडलं पुन्हा. कंडक्टर पुढे गेला, आक्षीला माणसं चढली, एक कोळीण टोपली घेऊन आमच्या पायांशी बसली.

‘‘कशी घोरायची?’’ ताईंनी विचारलं.

मी आवाज काढून दाखवला. आधी बारीक शीळ, मग एक मोठा ढेकरासारखा आवाज आणि मग बराच वेळ काहीच नाही. कोळीण हसायला लागली. ताई मात्र हसल्या नाहीत, नीट ऐकत होत्या.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘शीळ नंतर. आधी ढेकर.’’

‘‘आधी शीळ, ताई.’’

अलिबाग येईपर्यंत त्या मानायला तयार नव्हत्या.